न बुडवलेली तीन जहाजं

पेडणे तालुक्यात कुणाचा सत्कार ठरला की मानपत्र लिहायला लोक माझ्याकडे येतात. हायस्कुलात आयुष्यभर मराठी शिकवलं. आमचे मुख्याध्यापक निवृत्त झाले तेव्हा पहिलं मानपत्र लिहिलं, ते लोकांना आवडलं, आणि तेव्हापासून हे काम माझ्या गळ्यात पडलं ते पडलंच. भजनीबुवा झाले, पोस्टमन झाले, दशावतारातले राजे झाले. येणारा प्रत्येक जण एकच सांगतो, "टीचर, जरा भारदस्त होऊ द्या." भारदस्त म्हणजे काय ते मला पाठ झालं होतं. प्रत्येक ओळीत दोन विशेषणं, शेवटी दीर्घायुष्याची प्रार्थना, आणि मधे कुठेतरी चंदन झिजलंच पाहिजे.

तर दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात केरीच्या बाजूच्या एका वाचनालयाचा अध्यक्ष माझ्या घरी आला. हा माझाच विद्यार्थी. हार्डवेअरचं दुकान चालवतो, आणि गावात काही चांगलं होत असेल तर त्याच्या मागे हाच असतो. येतानाच ओरडत आला, "टीचर, यंदा कमांडरांचा सत्कार! एकाहत्तरच्या लढाईतले आपले कमांडर!"

कमांडर म्हणजे केरीतले एक निवृत्त नौदल अधिकारी. नौदलातले असूनही वैमानिक. ऐंशीच्या घरातले. मी त्यांना लांबून ओळखत होते. रोज सकाळी सुरूच्या बनातून किनाऱ्यावर चालायला जातात, उंच, ताठ, आणि डोक्यावर मात्र आपली साधी गवताची टोपी. त्यांच्याबद्दल गावात एक गोष्ट चालत होती. मी लहान होते तेव्हा त्या गोष्टीत कमांडरांनी शत्रूचं एक जहाज बुडवलं होतं. मी नोकरीला लागले तेव्हा दोन झाली होती. अध्यक्षाने त्या दिवशी सांगितली ती तीन.

"तीन?" मी विचारलं.

"तीन, टीचर. सगळ्या गावाला ठाऊक आहे."

"त्यांना विचारलंस?"

"ते कुठे बोलतात? तुम्ही जा. तुमच्याशी बोलतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अ‍ॅक्टिवा काढली. पेडण्याहून केरीपर्यंतचा रस्ता माझ्या आवडीचा. शेवटी शेवटी नदी दिसू लागते, पलीकडे तेरेखोलचा किल्ला. कमांडरांचं घर फेरीच्या धक्क्यापासून जवळच आहे. फाटक उघडून आत गेले तर बाल्कांवात, म्हणजे पुढच्या ओसरीवर, कुणी नाही. हाक मारली. उत्तर आलं ते वरून. ऐंशी वर्षांचा माणूस शिडीवर चढून नीरफणस काढत होता, आणि खाली त्यांची बायको दोन्ही हातांनी शिडी धरून उभी होती.

"खाली उतरा म्हणते मघापासून," ती मला म्हणाली, जशी काही माझी तिची जुनी ओळख. "ऐकत असतील तर शपथ."

"उतरतो, उतरतो. एकच राहिलाय."

उतरले. हात धुतले. मला बसायला कदेल दिली, स्वतः पायरीवर बसले. बाईंनी चहा आणि गरम पाव, आमचे उंडे, आणले, पाववाला पोदेर नुकताच येऊन गेला होता. बाई डिचोलीच्या. बोलण्यात मोकळ्या. त्यांच्यामुळेच माझं काम निभावलं असं म्हणायला हरकत नाही, कारण कमांडर बोलायचे कमी आणि हसायचे जास्त.

मी वही उघडली. "तुम्ही नौदलात कसे गेलात ते सांगा."

"चुकून," ते म्हणाले.

गोवा अजून पोर्तुगिजांकडे होता तेव्हाची गोष्ट. इंग्रजी शिक्षणासाठी त्यांना हद्दीपलीकडे शिरोड्याला मावशीकडे ठेवलं होतं. मॅट्रिक होईतो गोवा मुक्त झाला. घरच्यांना वाटलं, मुलगा केरीचा, पाण्याजवळ वाढलेला, नौदलात शोभेल. मुलाने कुणाला सांगितलं नव्हतं की त्याला बोट लागते.

"म्हणजे?"

"म्हणजे फेरीत बसलो तरी पोटात ढवळायचं. आजही ढवळतं. प्रशिक्षणाच्या पहिल्या सफरीत मी तीन दिवस बादली धरून बसलो होतो. मग कळलं की नौदलात विमानं पण असतात. लगेच अर्ज केला. म्हटलं, सुटलो! निवड झाली, शिकलो, आणि मग त्यांनी काय केलं? ते विमान उचलून जहाजावर ठेवलं."

ते स्वतःच इतके हसले की चहा सांडला.

मी लिहीत होते. पहिलं वाक्य मी वहीत असं केलं होतं, "लहानपणापासून सागराच्या अथांगतेने ज्यांना साद घातली." त्यांनी वाकून वाचलं. खिशातून पेन्सिल काढली, मला विचारलं, "चालेल ना?" आणि ती ओळ खोडली. पुढे "रणधुरंधर" होतं, ते खोडलं. "शौर्यमूर्ती" खोडलं. शाळेत मी इतक्या मुलांचे निबंध खोडले, माझी वही कुणी अशी खोडलेली ती पहिलीच वेळ. राग यायला हवा होता, पण ते इतक्या अदबीने खोडत होते की मला हसू आलं.

मग बाईंनी आतून पदकं आणली. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, पांढऱ्या मलमलीत गुंडाळलेली. रंगीत फितीला लटकलेली पाच पदकं, वजनाला चांगली. फितीचे रंग थोडे उतरलेले. मी एकेकावर बोट ठेवत गेले आणि ते सांगत गेले.

"हे युद्धाच्या काळात नोकरीत होतो म्हणून. सगळ्यांना दिलं. हे पूर्वेच्या आघाडीवर होतो म्हणून. तिकडच्या सगळ्यांना दिलं. हे स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली म्हणून. त्यात माझा पराक्रम एवढाच की त्या दिवशी मी नोकरीत होतो. हे पळून न जाता इतकी वर्षं टिकलो म्हणून."

"आणि हे?" पाचवं वेगळं दिसत होतं.

"ते नौसेना पदक."

"ते कशासाठी?"

"त्याचा कागद आहे," ते म्हणाले, आणि उठून आत गेले. आणलेल्या कागदावर इंग्रजीत चार ओळी होत्या. शत्रूच्या गोळीबारात नुकसान झालेलं विमान धैर्याने आणि कौशल्याने परत आणलं. बस्स. पुढे विचारलं तर म्हणाले, "लिहिलंय ते बरोबरच आहे."

"आणि ती तीन जहाजं?"

"कसली तीन जहाजं?"

मी त्यांच्या बायकोकडे पाहिलं. ती पोट धरून हसत होती. "तीन झाली का? मला दोनच ठाऊक होती."

युद्धात बाई दाबोळीला नौदलाच्या क्वार्टर्समध्ये होत्या. लग्नाला चार महिने झालेले. जनेलांच्या काचांना काळे कागद लावलेले. नवऱ्याची पत्रं यायची ती सेन्सॉरने वाचून, कापूनछाटून आलेली. "सगळ्या लढाईत मला दोन पत्रं मिळाली," त्या म्हणाल्या. "एकात लिहिलेलं, मी बरा आहे. दुसऱ्यात लिहिलेलं, इथे मासळी पुष्कळ आहे. तेवढ्यावरून मी लढाई काय ती समजून घ्यायची."

युद्धानंतर ते बढती घेत गेले, पुढे एका स्क्वाड्रनचे प्रमुख झाले. "प्रमुख झाल्यावर काय करायचं असतं?" मी विचारलं. "सह्या," ते म्हणाले. एवढं घेऊन मी घरी आले.

रात्रीच्या जेवणाआधी मी मानपत्र लिहून काढलं. साधं, दीड पान. मला ते बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी अध्यक्षाला दाखवलं. त्याचा चेहरा उतरला.

"टीचर, हे मानपत्र की रजेचा अर्ज?"

"त्यांनी सांगितलं तेच आहे."

"आणि जहाजं?"

"जहाजं नाहीत रे. त्यांनी एकही बुडवलं नाही."

तो म्हणाला, "ते मोठे आहेत म्हणून असं म्हणतात. मोठी माणसं स्वतःचं सांगत नाहीत. टीचर, मंडप घालतोय, आजूबाजूच्या सगळ्या गावांना बोलावलंय, पत्रिकेतही छापून बसलोय. लोक जहाजं ऐकायलाच येणार. मी त्यांना काय सांगू?"

आता इथे मी खरं सांगायला हवं. मी नमले. तो विद्यार्थी माझा लाडका होता, मंडप घातलेला होता, आणि मनातून मलाही माझी विशेषणं हवी होती. दीड पानाच्या त्या कागदाला टाळ्या पडल्या नसत्या हे मला ठाऊक होतं. मी घरी येऊन पुन्हा लिहिलं. शौर्यमूर्ती आले, रणधुरंधर आले, आणि सोनेरी अक्षरांत छापायच्या त्या मजकुरात मी माझ्या हाताने लिहिलं, "शत्रूच्या तीन युद्धनौकांना ज्यांनी जलसमाधी दिली." माझ्या नवऱ्याने वाचून विचारलं, "ही कुठून आली?" मी म्हटलं, "गावातून." त्याने कागदाची घडी घातली आणि तो परत माझ्या हातात दिला.

समारंभ डिसेंबरात एका रविवारी सकाळी होता. वाचनालयापुढच्या मोकळ्या जागेत मंडप. खुर्च्या भरल्या आणि माणसं कुंपणापर्यंत उभी राहिली. कमांडर पांढऱ्या शर्टावर जुना निळा कोट घालून आले होते. कोटावर पाचही पदकं, बाईंनी स्वतः लावलेली. खाली फारसे बसले नाहीत, प्रत्येकाशी बोलत होते. पुढच्या रांगेत केरीच्या बाजारात मासे विकणारी एक म्हातारी बसली होती. नव्वदीला टेकलेली, पण आवाज खणखणीत. तिचा धाकटा भाऊ आणि कमांडर लहानपणी एका शाळेत. तिने त्यांचा कोट चिमटीत धरून कापड पाहिलं आणि म्हणाली, "बरो आसा."

दीपप्रज्वलन झालं, स्वागतगीत झालं, आणि मग मानपत्र वाचायला मला बोलावलं. माझा आवाज चांगला लागतो. विशेषणांना लोक माना डोलवत होते. मी जहाजांपाशी आले. "तीन युद्धनौकांना जलसमाधी" म्हटलं मात्र, टाळ्यांचा कडकडाट झाला. मागून कुणीतरी शिट्टी मारली. टाळ्या थांबेपर्यंत मी थांबले, आणि तेवढ्यात पाहिलं तर स्टेजवर बसलेल्या कमांडरांनी हात वर केला होता. वर्गात मूल करतं तसा.

"टीचर, एक मिनिट."

ते उठून माइकपाशी आले. मी बाजूला झाले. माझे कान गरम झाले होते.

"तीन नाहीत," ते म्हणाले.

अध्यक्ष त्यांच्या शेजारीच उभा होता. त्याला वाटलं आकडा कमी पडला. तो आनंदाने माइकमध्येच म्हणाला, "चार?"

"एकही नाही."

तेवढ्यात नदीवरून फेरीचा भोंगा वाजला.

"टीचरनी माझ्याकडून लिहून नेलं ते बरोबर होतं," कमांडर म्हणाले. "मधे कुठेतरी जहाजं शिरली. शिरतात."

त्यांनी मला वाचवलं होतं. मी गप्प बसले असते तर कुणाला कळलंही नसतं. पण सगळं आयुष्य मुलांना खरं बोला म्हणून सांगण्यात गेलेलं. मी माइक ओढला आणि म्हटलं, "जहाजं मीच घातली. त्यांनी नको म्हटलं होतं. माझं चुकलं." खाली नवरा बसला होता, त्याने मान हलवली, बरं केलंस अशा अर्थी.

अध्यक्ष हातातली पत्रिका उलटसुलट करत उभा राहिला. ही कोंडी फोडली ती पुढच्या रांगेतल्या म्हातारीने. ती उठून उभी राहिली, कमरेवर हात ठेवला आणि भरल्या बाजारात विचारावं तशी म्हणाली, "अरे झिला, मगे तुका हे बिल्ले दिले कित्याक?"

सगळा मंडप हसला. कमांडरही हसले. मग कोटाचं बटण सोडून, माइक स्टँडवरून काढून हातात घेऊन, ते स्टेजच्या कडेला चक्क पाय सोडून बसले. आणि तिच्याकडे पाहत, आमच्या गावच्या बोलीत, तिलाच सांगायला लागले. ती बोली मला कागदावर तशीच्या तशी उतरवता येणार नाही. पण काय सांगितलं ते सगळं आठवतं.

"जहाज मोठं होतं," ते म्हणाले. "इथून देवळापर्यंत असेल. वर सपाट. त्याच्यावरून विमानं उडायची आणि त्याच्यावरच उतरायची. उतरणं म्हणजे काय, तर नदीत फेरी चालू आहे, वर-खाली होते आहे, आणि तू पाठीमागून स्कूटर घेऊन हवेतून तिच्यावर चढायचंस. चढलीस की लगेच थांबायचंस, नाहीतर पुढून पाण्यात. थांबवायला आडव्या तारा बांधलेल्या. विमानाच्या शेपटीला आकडा. आकडा तारेत अडकला तर वाचलीस."

"आणि नाय अडकलो तर?" म्हातारीने विचारलं.

"तर पुन्हा उडायचं. फिरून यायचं."

त्यांचं विमान तीन माणसांचं होतं. वेगाने पळणारं नव्हे, सावकाश जाणारं, पाण्यात पाणबुडी आहे का ते शोधणारं. पुढे ते आणि त्यांचा निरीक्षक, तामिळ मुलुखातला एक शांत अधिकारी. मागे वायरलेसवाला, वयाने सर्वांत लहान. सगळ्या युद्धात त्यांनी एकदाच पाणबुडीवर बाँब टाकले. यंत्राने खाली काहीतरी दाखवलं, यांनी टाकले, पाणी उसळलं, आणि वर आली मासळी. चांगली वीतभर नव्हे, हातभर. पाणबुडीचा पत्ता नाही.

"खंयची मासळी?" म्हातारीचा प्रश्न.

"आपल्या पेडव्यासारखी. पण चारपट मोठी."

"सोडून इलास?"

"सोडून आलो. विमानात ठेवणार कुठे?"

तिने कपाळावर हात मारला. खाली बसलेल्या बाई डोळे पुसत हसत होत्या. त्यांना आज पन्नास वर्षांनी त्या दुसऱ्या पत्राचा अर्थ कळला होता.

"मग एके सकाळी," कमांडर म्हणाले, आणि त्यांचा आवाज जरा खाली आला, "आम्ही एका नदीच्या मुखाशी खाली उतरून बघत होतो. काठावरून गोळ्या आल्या. मला वाटलं कुणी पत्र्यावर खडे मारतंय. पहिल्यांदा काही झालं नाही. मग समोरची काच काळी झाली. तेलाची नळी फुटली होती. सगळं तेल काचेवर. पुढचं काही दिसेना. निरीक्षकाच्या हाताला लागलं होतं. मी विचारलं, किती लागलंय? तो म्हणाला, लिहिता येतंय. तोवर ठीक आहे."

जहाजापर्यंत ते आले. आता उतरायचं कसं? बाजूच्या काचेतून पाणी दिसत होतं, जहाज दिसत नव्हतं. विमान पाण्यात टाकून पोहायचं हा एक मार्ग होता. पण निरीक्षकाचा हात असा, आणि मागच्या पोराला पोहणं बेताचंच. मग जहाजावरून वायरलेसवर आवाज आला. विमान उतरवून घेणारा अधिकारी जहाजाच्या अगदी कडेला, एका लहानशा चौथऱ्यावर उभा असतो. विमान वेडंवाकडं आलं तर त्याने खाली जाळ्यात उडी मारायची असते, म्हणून ते जाळं बांधलेलं. तो म्हणाला, तुला दिसत नसेल तर नसू दे. मला तू दिसतोयस. मी सांगतो तसं कर.

"मग तो सांगत गेला. डावीकडे. अजून. वर घे. आता खाली. निरीक्षक एका हाताने काटे बघून उंची आणि वेग सांगत होता. मागचा पोरगा बाजूच्या खिडकीला नाक लावून सांगत होता, जहाजाचा फेस दिसला, आता कठडा दिसला. तिघं तीन बाजूंनी सांगत होते, आणि मी मधे ऐकत होतो. पहिल्या खेपेला आकडा लागला नाही. उंच आलो होतो. पुन्हा वर."

म्हातारी खुर्चीच्या कडेला सरकली होती.

"दुसऱ्या खेपेला तो ओरडला, उजवीकडे, उजवीकडे! मी घेतलं. चाकं आपटली. पुढे जातोय, जातोय, आणि मग पोटात हिसका बसला. शेवटची तार होती. तिच्यात अडकलो."

म्हातारीने सोडलेला श्वास मला स्टेजवर ऐकू आला.

"खाली उतरलो. तो अधिकारी चालत आला. त्याने उडी मारली नव्हती. मी त्याच्या अंगावरून गेलो असतो तरी तो तिथेच उभा होता. आला आणि मला शिव्या दिल्या. उजवीकडे म्हणतोय तर ऐकू येत नाही का! आणि मग माझ्या शेजारी तिथेच फतकल मारून बसला. आम्हाला चहा दिला. माझ्या हातात कप राहीना. सगळा चहा अंगावर. शेवटी एका खलाशाने कप धरून मला पाजला, लहान मुलाला पाजतात तसा."

"भियेलंस?" म्हातारीने हळूच विचारलं.

"वर असताना वेळ नव्हता. चहाच्या वेळी भ्यालो."

मग त्यांनी कोटावरचं पाचवं पदक बोटाने उचललं. "पदकाचा कागद एकाच्या नावाने येतो. माझ्या नावाने आला. आता तूच सांग, मी काय केलं? सांगितलं ते ऐकलं. ते तर मी घरी रोजच करतो."

"खोटं!" बाई खालून ओरडल्या. "शिडीवरून उतरा म्हटलं तर उतरत नाहीत!"

त्या दिवशी जो हशा आणि ज्या टाळ्या झाल्या, तशा माझ्या कुठल्याच मानपत्राला झाल्या नव्हत्या. टाळ्या चालू असतानाच कमांडर माझ्याकडे वळून म्हणाले, "टीचर, आता तीन नावं लिहून घ्या." माझ्याकडे कोरा कागद नव्हता. मी सोनेरी मानपत्र चौकटीतून काढलं, उलटं केलं, आणि मागच्या बाजूला ती तीन नावं लिहिली. इथे ती देत नाही, कारण त्यांच्या घरच्यांना मी विचारलेलं नाही.

अध्यक्ष सोमवारी घरी आला. मला वाटलं रुसलेला असेल. तर आल्या आल्या म्हणाला, "टीचर, रजेचा अर्ज कुठे आहे?" तो शोधून काढला. त्यात नदीच्या मुखावरच्या त्या सकाळची हकिगत घातली, तीन नावं घातली, आणि कमांडरांकडे पेन्सिल घेऊनच जा असं सांगून त्याच्या हाती पाठवला. परत आला तेव्हा त्यात दोनच खुणा होत्या. एका जागी "विलक्षण धैर्य" मधलं विलक्षण गेलं होतं. आणि सुरुवातीला, नावाच्या आधी, त्यांनी स्वतःच्या अक्षरात एक शब्द वाढवला होता, "केरीचे". माझ्या लिखाणात त्यांनी घातलेलं तेवढं एक विशेषण.

त्याच्या चार प्रती केल्या. एक वाचनालयात लागली. एक चेन्नईला गेली, निरीक्षकाच्या मुलीला. ते स्वतः आता नाहीत. तिला मराठी येत नाही म्हणून माझ्या नवऱ्याने इंग्रजीत भाषांतर करून सोबत जोडलं. तिचं उत्तर आलं, की वडिलांच्या हातावरच्या खुणेबद्दल त्यांनी घरी सांगितलं होतं, दारात हात चेमटला होता. वायरलेसवाल्याचा पत्ता लागला नाही. नौदलाच्या कचेरीत अर्ज दिला आहे. ती प्रत बाईंनी पदकांच्या डब्यात ठेवली आहे, मिळाला की पाठवू म्हणून.

चौथ्या प्रतीचा धनी जिवंत होता. जहाजाच्या कडेवर उभा राहिलेला तो अधिकारी, आता डेहराडूनला मुलाकडे. एका दुपारी आम्ही कमांडरांच्या बाल्कांवात बसून त्यांना व्हिडिओ लावला. फोन बाईंनी धरला होता. पडद्यावर पांढऱ्या दाढीचे एक सरदारजी, कानाला यंत्र. मी एकेक वाक्य वाचायची, कमांडर ते हिंदीत मोठमोठ्याने ओरडून सांगायचे. रस्त्यावरून जाणारी माणसं थबकून बघत होती. शेवटचं वाक्य झालं. सरदारजींनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "दूसरी बार भी तू बाएँ था." आणि दोघेही म्हातारे इतके हसले, की बाईंच्या हातातला फोन हलायला लागला.

माझ्याकडे मानपत्रासाठी लोक अजून येतात. फरक एवढाच पडला, की पूर्वी मी घरबसल्या लिहायची, आता त्या माणसाच्या घरी जाऊन बसते. तुमच्याबरोबर कोण कोण होतं हे मी आधी विचारते. मग वेळ लागतो, कारण माणसं स्वतःबद्दल पाच मिनिटांत संपतात आणि बरोबरच्यांबद्दल दुपारभर बोलतात. गेल्या महिन्यात हळर्णच्या एका सुईणीवर लिहायचं होतं. तिने मला गावातल्या अकरा घरांत नेलं, प्रत्येक घरात काही ना काही खायला लावलं, आणि संध्याकाळी परत येताना स्कूटरवर मला बसवेना.